खालच्या पुऱ्यावरून

इंजिनाचं हँडल उलटं फिरलं आणि माझ्या लेकाचं मनगट मोडलं, तेव्हा संग्रामपूरच्या बाजाराला निघालेलं निम्मं खैरी गाव घाटावर उभं होतं. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. प्रसेनजित ओरडला नाही. हात पोटाशी धरून नावेच्या काठावर बसला, आणि सकाळच्या गार वाऱ्यातही त्याच्या कपाळावर घाम फुटला.

"आता आमचं कसं?" पहिला प्रश्न उत्तमरावाचा. गावाचा सरपंच तो. पोराचा हात कसा आहे ते नाही, आमचं कसं.

"तुमचं काय मोडलं?" मी म्हटलं. "बसा खाली. बाजार काई पळून नाई जात."

पण त्याचा प्रश्न खोटा नव्हता. मोठी नाव चालवणारा एकच माणूस, आणि त्याचाच हात गेला.

धरण भरलं तेव्हा आमचं जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि आजूबाजूच्या टेकड्या तेवढ्या वर राहिल्या. लोकं ज्या टेकडीवर चढली तिथंच राहिली. नव्या जागेचा कागद आला, जागा आली नाही. आता खैरी एका टेकडीवर, बोरखडी दुसऱ्या टेकडीवर, मधे पाणीच पाणी. शाळा आणि रेशन बोरखडीला, दवाखाना खैरीला, आणि संग्रामपूरची सडक तिसरीकडे, माळटेकच्या काठाला. मसणवटीसुद्धा माळटेकलाच. मेलेल्या माणसालाही आमच्याच नावेत बसावं लागतं.

नावा आमच्या तीन. मोठी लोखंडी, इंजिनाची. मधली लाकडी, वल्ह्याची, ती माझा नवरा, बुढा पुंजाजी, चालवतो. बारकी पत्र्याची, ती निम्मा वेळ काठावर पालथी पडून डांबर खात असते. मोठीच्या अंगावर प्रसेनजितनं निळ्या रंगानं लिहिलं, महामाया जलवाहतूक कंपनी. तथागताच्या आईचं नाव. लोकं हसली. तीन डबडे, आन् म्हणे कंपनी! हसेनात का. ज्यांच्या विहिरीवर माझ्या सासूला ओंजळ पसरून दूर उभं राहावं लागायचं, ते आज माझ्या नावेत गुडघ्याला गुडघा लावून बसतात, आणि मी सांगते तिकडं सरकतात.

त्या दिवशी पुंजाजीनं मधली नाव ओढून थोडी माणसं नेली. दोन खेपांतच बुढ्याचे खांदे उतरले. उरलेली बाजाराची माणसं पिशव्या हलवत घरी परतली. जाताना माझ्याकडं पाहत होती, जसं काही हँडल मीच फिरवलं.

दुपारी रंगराव आला. बोरखडीचा भोई. पाण्यातला माणूस, बापजाद्यांपासून. त्याचीही एक इंजिनाची नाव आहे, तिच्यात तो मासोळी वाहतो. ग्रामपंचायतीनं ठरवलेलं आहे, घाटाला खाडा पडला की घाटाचा ठेका दुसऱ्याचा. तो दुसरा म्हणजे रंगराव, हे सांगायची गरज कोणालाच नव्हती.

"वहिनी, पोराचं आयकलं," तो ओट्यावर टेकला. "लय वाईट झालं."

"चहा घे."

"घेतो. मी काय म्हणतो, नाव तुमची, माणूस माहा. पोराचा हात जुळेपर्यंत. उत्तमरावाले मी सांगतो."

"आन् जुळल्यावर?"

"मंगचं मंग पाहू."

"मंगचं मले आत्ताच दिसून राह्यलं, रंगराव. चहा पी आन् जाय."

तो हसला. वाईट माणूस नाही तो. पण त्याच्या डोळ्यांसमोर घाट होता, आणि माझ्याही.

संध्याकाळी प्रसेनजित हाताला पांढरं पलस्तर घालून आला. चुलीशी माझी सून धम्मशीला भाकरी थापत होती. थापता थापताच बोलली.

"उद्या मोठी मी काढीन."

मला वाटलं, नवऱ्याचं दुखणं पाहून डोकं फिरलं.

"काय काढशीन? बैलगाडी हाये का ते?"

"तिले येते, माय," प्रसेनजित म्हणाला. "सालभर झालं, तू नावेत नसली का मी भाकर खातो आन् तीच चालवते. माळटेकवरून रिकामी नाव तिनंच आणली कितीकदा."

"आन् मले कोनी सांगतलं काऊन नाई?"

"सांगतलं असतं त तू होऊ देलं असतं का?"

पुंजाजी भिंतीला टेकून हसत होता. म्हणजे बुढ्यालाही माहीत होतं. माझ्याच घरात माझ्या पाठीमागं कंपनी चालली होती! मी ताट सरकवून दिलं. पण उपाशी राहून घाट राहत नाही, म्हणून पुन्हा ओढून घेतलं.

"काढ," मी म्हटलं. "पण मी समोर बसीन. लोकं तुहं आयकनार नाईत."

"बसा न," ती म्हणाली. एवढंच. तव्यावरची भाकरी तिनं उलटली.

सकाळी तिनं लुगड्याचा काष्टा घातला, पदर कमरेला खोचला आणि हँडल धरलं. अंगठा तिनं बोटांच्याच बाजूला ठेवला, प्रसेनजितसारखा आवळला नाही. एक हिसका, दुसरा हिसका, आणि इंजिन काळा धूर ओकत धडधडायला लागलं.

बसणारी माणसं काठावर चुळबुळ करत उभी. सरकारनं दिलेली नारंगी जाकिटं आमच्या नावेत कायमची पडून असतात. लोकं ती बुडाखाली घेऊन बसतात, फळी टोचू नये म्हणून. त्या दिवशी एकानं जाकीट उचललं आणि अंगात घातलं.

"आज ड्रायव्हर बाई हाये बापा. घाला रे सगळे."

सगळ्यांनी घातली. बंद ओढून आवळली. आम्ही चालवायला लागल्यापासून कोणी घातली नव्हती. धम्मशीलानं पाहिलं, ओठ दाबले, आणि सुकाणू वळवलं.

"शोभता," मी त्यांना म्हटलं. "झेंडूच्या वाफ्यावानी."

आमची नाव कुठूनही जात नाही, ती बुडालेल्या जुन्या गाडरस्त्यावरून जाते. आजूबाजूला बाभळी न तोडताच पाणी भरलं, त्यांचे खुंट नावेचा तळ फाडतात. गाडरस्ता मोकळा. तो रस्ता जुन्या गावातून जातो, म्हणून नावही गावावरूनच जाते. वरून फिरून जायचा दुसरा मार्ग उघड्या पाण्याचा, तिथं दुपारी पश्चिमेचा वारा लाटा उचलतो.

आणि इथंच आमच्या लोकांची खोड आहे. फागुनात पाणी नितळ होतं, कालव्याला सोडलं की उतरतं, आणि बुडालेलं गाव खालून वर येऊ लागतं. आधी देवळाचा कळस. मग वरच्या पुऱ्यातल्या माड्या. नाव वरून जाताना ज्याचं त्याला घर दिसतं, आणि तो काठावरून वाकतो. एक वाकला की त्याच्या मागं दहा वाकतात. नाव कलते. घर बुडालं त्याला एवढी वर्षं झाली, पण दार कुठं होतं ते बोटानं दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

म्हणून मी समोर बसते, प्रवाशांकडं तोंड करून, हातात बांबू घेऊन. कोणाची मान वळली की बांबू त्याच्या गुडघ्यावर.

"उत्तमराव, समोर पाहा."

"अवो, माही माडी..."

"माडी हाये तिथंच हाये. पान्यात चोर नाई जात. समोर पाहा."

लोकं मला खडूस म्हणतात. म्हणोत. माझ्या नावेतून तोवर कोणी पाण्यात पडलं नव्हतं.

माझं स्वतःचं घर मला कधी दिसलं नव्हतं. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला होती, नाल्याच्या काठाला. खालचा पुरा म्हणत. पाणी चढलं तेव्हा आमची घरं आधी बुडाली, आणि उतरतं तेव्हा आमच्यापर्यंत पोचतच नाही. उन्हाळा संपतो, तिथं काळंच पाणी राहतं.

धम्मशीला चालवायला लागल्यावर चार-सहा दिवस गेले तसे तिच्या तळहातांना फोड आले, ते फुटले, त्यात तेल गेलं. रात्री हळद भरून चिंधी बांधायची, सकाळी चिंधीसकट हँडल. मी दुपारच्या भाकरीवर तेल थोडं जास्त घातलं. नारंगी जाकिटं एकेक करून पुन्हा बुडाखाली गेली. रंगराव दूर जाळी टाकत असायचा, आणि आमचं इंजिन जरा खोकललं की त्याची मान वळायची.

मला रोज भीती वाटत होती. नावेत बसले की वाटायचं, आता इंजिन बंद पडेल, आता खुंट लागेल. सुनेची पाठ ताठ दिसायची, पण सुकाणूवर बोटं पांढरी झालेली असायची. तीही भीत होती.

त्या साली कालव्याला पाणी लवकर सोडलं आणि सोडतच राहिले. रोज काठावर ओल्या चिखलाची नवी पट्टी. घाटाचा खुंटा दोनदा खाली सरकवावा लागला. वरच्या पुऱ्यातल्या माड्यांचे स्लॅब पाण्याच्या हातभर खाली आले, आणि गाडरस्त्याच्या दोन्ही अंगांनी भिंती उभ्या दिसू लागल्या. धम्मशीला म्हणाली, "आता रस्ता नाल्याकडून थोडा खाली घ्या लागन." मी हो म्हटलं.

उत्तमरावाच्या पुतणीचा साखरपुडा बोरखडीला होता. मंडळी नटून आली. बाया जरीच्या पातळात, परातीत साखर, नारळ, कापडं. नाव भरली. त्यात माझ्या खालच्या पुऱ्यातली जुनी शेजारीण शालूबाई, रेशनला निघालेली, रिकामी पोती मांडीवर घेऊन.

"उत्तमराव, दोन खेपा करू," धम्मशीला म्हणाली.

"मुहूर्त हाये बाई."

"मुहूर्त बुडला तरी चालते, मानसं नाई," मी म्हटलं. चार तरण्या पोरांना उतरवून मागं ठेवलं. वारा सुटायला लागला होता. नाव निघाली.

देवळाचा कळस गेला. माना वळायला लागल्या. माझा बांबू फिरत होता. बाया हसत होत्या, एकमेकींना चिमटे काढत होत्या, "समोर पाय वं, मामी मारते." धम्मशीलानं नाव खाली घेतली, नाल्याच्या अंगाला. इंजिन संथ धडधडत होतं.

शालूबाई माझ्याजवळच बसली होती. ती हळूच म्हणाली, "अन्नपूर्णा. आपला पुरा निघाला वं."

मी मान वळवली.

नाल्याच्या अंगाला वारा अजून पोचला नव्हता, पाणी काचेसारखं होतं. खाली दोन पुरुष खोल आमची गल्ली. झेंड्याचा कठडा, निळा, शेवाळानं हिरवट झालेला. त्याच्या पलीकडं भिंतीचं बुड. आणि त्याला लागून माझा ओटा. मी स्वतः मातीत दगड बसवून रचलेला. ओट्याच्या कोपऱ्यात जात्याची खालची तळी. वरची मी नेली, खालची जड होती, राहिली. तिच्यावर ऊन पडलं होतं.

मी उठले. कधी उठले ते मला कळलं नाही. बांबू हातातून गेला. मी काठाला हात टेकून वाकले.

"माही तळी," मी म्हणत होते. "शालू, माही तळी पाय."

जी बसायला सांगते तीच उठली, मग बाकीचे कशाला बसतात? सगळी नाव उठली. सगळी एका अंगाला आली. काठ पाण्याला लागला आणि पाणी आत शिरलं, थंडगार, माझ्या घोट्यापर्यंत. परात घरंगळली. शालूबाई माझ्या शेजारी होती, ती आता नव्हती.

मागून आवाज आला. असा आवाज माझ्या घरात माझ्यावर कोणी काढला नव्हता.

"बस खाली, बुढे! बस!"

मी बसले. पाण्यातच धपकन बसले. मी बसले तशी माणसं बसली, एकमेकांच्या अंगावर. धम्मशीलानं सुकाणू पूर्ण वळवलं, नाव हळूहळू सरळ झाली. पण पाणी इंजिनात गेलं होतं. ते दोनदा गुदमरलं आणि गप्प झालं.

शालूबाईची पोती पाण्यावर तरंगत होती आणि त्यांच्या मधे तिचा हात. धम्मशीलानं बांबू उचलून टाकला. म्हातारीनं धरला. आम्ही दोघींनी मिळून तिला लुगड्याला धरून वर ओढलं. ती खोकत होती, ओकत होती, आणि मला शिव्या देत होती. शिव्या ऐकून मला बरं वाटलं. जिवंत माणूसच शिव्या देतं.

वाऱ्यानं नाव वरच्या पुऱ्याकडं ढकलली. तळ कशाला तरी खरडला. उत्तमरावाची माडी. धम्मशीला खाली उतरली तर पाणी तिच्या गुडघ्याएवढं.

"उतरा सगळे. स्लॅब पक्का हाये. काठाले जाऊ नोका, मधात उभे राहा."

उतरले. साखरपुड्याची सगळी मंडळी चारी बाजूंच्या पाण्यात, बुडालेल्या माडीवर, गुडघाभर पाण्यात उभी. उत्तमरावाच्या हातात चपला. तो आपल्याच घराच्या डोक्यावर उभा होता. बाया रडत होत्या. नवरीचा नारळ दूर दूर चालला होता. धम्मशीला नावेत उभी राहून तेलाच्या पिप्यानं पाणी उपसत होती. हाताच्या चिंध्या केव्हाच सुटल्या होत्या. मीही दुसरा पिपा घेतला. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

रंगरावाची नाव दिसली तेव्हा माझी मान खाली गेली. त्यानं मंडळी दोन खेपांत खैरीला पोचवली आणि आमची मोठी दोर लावून ओढत आणली. महामाया जलवाहतूक कंपनी, मासोळीच्या नावेच्या मागं.

घाटावर गाव जमलं. पुंजाजी शालूबाईला घोंगडी गुंडाळत होता. प्रसेनजित पलस्तराचा हात छातीशी धरून उभा. उत्तमरावाला आता कंठ फुटला होता.

"मी पयलेच म्हणत होतो. बाईच्या हातात नाव देतात का? माही पुतणी आज गेली असती. घाट उद्यापासून रंगराव पाहीन."

"तिनं लय जोरात वळवली," एक जण म्हणाला.

"तिचा धाकच नाई कोनावर," दुसरा.

आधी कोण उठलं ते कोणाच्याच ध्यानात नव्हतं. सगळे खाली पाहत होते. शालूबाई अजून खोकतच होती, आणि सुकाणूवरून पाहणारी एकटी धम्मशीला. ती ओल्या अंगानं उभी होती, पदराचं पाणी पिळत. मी वाट पाहत होते, आता बोलेल. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा पदर पिळायला लागली. त्या पाहण्यात ना राग होता, ना विनवणी. तुम्ही काय करता ते मला पाहायचंय, एवढंच होतं.

घाट गेला तर या पोरीच्या नावावर जाईल. आणि राहिला तर माझं नाक कापून.

"तिनं नाई कलवली," मी म्हटलं. "मी उठली."

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या.

"असं काय पाहता? हाव, मी उठली. दरसाल तुमच्या माड्या दिसते, दरसाल मी तुमच्या गुडघ्यावर बांबू मारतो. माहा पुरा आज पयल्यांदा दिसला. उठली. माह्या मांगं तुमी सगळे उठले. हे पोरगी नसती त आज पान्याखाली गेले असते, आपापल्या घरात राहाले."

कोणी तरी हसलं, भीतीनं. उत्तमराव म्हणाला, "मंग उद्या पुन्हा उठसान तुमी."

उत्तर माझ्याआधी धम्मशीलानं दिलं.

"नाई उठनार. आत्याबाई उद्यापासून नावेत नाई बसनार. पानी चढेपर्यंत."

गावासमोर. माझ्याच घाटावर. माझे कान तापले. मी तोंड उघडलं आणि पुंजाजीनं माझं मनगट धरलं, हलकंच. मी तोंड मिटलं.

रंगराव खुंट्यावर बसून विडी ओली झाली म्हणून फेकत होता. तो मान हलवत म्हणाला, "सासूले उतरवलं बापा इनं. आपुन कोन लागून गेलो? उत्तमराव, राहू द्या. मले मासोळ्याच बऱ्या. मासोळ्या उभ्या त नाई राहत."

सकाळपर्यंत प्रसेनजितनं एका हातानं, धम्मशीलानं दोन हातांनी इंजिन उघडून पुसलं. मी काठावर. माणसं आली, पण थोडी. शालूबाई आली, घोंगडी पांघरूनच, नवी पोती घेऊन.

"कोन चालवते?" तिनं विचारलं.

"तेच."

"आन् तू?"

"दिसत नाई का? खुंट्यापाशी."

शालूबाई बसली. तिच्या मागं बाकीचे बसले. नाव गेली. काठावरून नाव पाहणं काय असतं ते मला माहीत नव्हतं. आत बसलं की भीती हाताशी असते, तिला बांबू मारता येतो. काठावर काहीच करता येत नाही. आवाज तेवढा ऐकायचा. धड धड धड. कळसापाशी पोचली. पुढं गेली. नाल्याकडं वळली.

आणि आवाज थांबला.

मी पाण्यात उतरले. गुडघे बुडाले, मांड्या बुडाल्या. नाव तिथंच, उन्हात, लहानशी, हलत नव्हती. माणसं दिसत होती पण काय करतात ते कळत नव्हतं. "पुंजाजी!" मी हाक मारली, नवऱ्याला नावानं, आयुष्यात पहिल्यांदा. तो धावत मधलीकडं निघाला. प्रसेनजित काठावर पुढं मागं.

मग पुन्हा धडधड झाली. नाव बोरखडीकडं चालू लागली.

परत येईपर्यंत मी लुगडं पिळलं नाही. नाव घाटाला लागली तशी मी पुढं झाले.

"काऊन बंद केलं होतं वं? काय झालं?"

"काई नाई," धम्मशीला म्हणाली. "इंजिन मीच बंद केलं. सगळ्यायले मधात बसोलं. आन् एकाएकाले पाहू देलं, पाळीपाळीनं. एकानं पाह्यलं का त्यानं बसाचं, मंग दुसऱ्यानं. नाईतरी ऐकत नाईत. पाहून झालं का मंग गप बसते मानसं."

शालूबाई उतरत होती, पोतं डोक्यावर. "तुह्या तळीवर मासोळ्या बसल्या वं अन्नपूर्णा," ती म्हणाली. "बारक्या बारक्या. दळून राह्यल्यावानी."

मी सुनेकडं वळले.

"आन् माही पाळी?"

धम्मशीला हँडल पुसत होती. फोडांवर नवी चिंधी होती, पांढरी.

"तुमची नाई. तुमी उठता."

मी तिला एक शिवी हासडली, चांगली भरदार, घाटावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी. मग खुंट्याचा दोर सोडला आणि तिच्या अंगावर फेकला. पुढच्या खेपेची माणसं रांगेत उभी होती.